आपले पूर्वज कोठें नोंदले आहेत?

(धर्मग्रामाच्या जयंतीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



जयंतीच्या प्रसंगीं मंदिराचा कोनशिलेचा दगड कोणीं बसविला, घंटा कोणीं अर्पण केली, वेदी कोणाच्या कारकीर्दींत नवी झाली, याचें स्मरण करण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु ज्यांनीं पाया खणला, चुना वाहिला, आणि संध्याकाळीं थकून घरीं गेल्यावर रोझरी म्हटली, त्यांचीं नांवें आपणांपैकीं किती जणांस सांगतां येतील? त्यांचीं नांवें शिळेवर नाहींत. तीं दुसरीकडे आहेत. हल्लीं पुष्कळ तरुण मंडळी आम्हांस विचारूं लागली आहे कीं, आमचें मूळ कुळ कोणतें, आमचा खापरपणजा कोठचा, आणि हें शोधावयाचें तर कोणत्या दारीं जावें? चालकांच्या इच्छेवरून त्या दारांविषयींच आज चार शब्द बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. आपलीं आडनांवें लोपीस, डायस, परेरा, रॉड्रिग्ज, गोन्साल्विस अशीं आहेत, म्हणून आपल्या अंगांत कोणा पोर्तुगीज सरदाराचें रक्त खेळत असावें, असा कित्येकांचा समज असतो, आणि तो सरदार शोधण्यासाठींच ते दप्तरखान्याच्या पायऱ्या चढतात. वस्तुस्थिति साधी आहे. २३ डिसेंबर १५३४ रोजीं गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें तह करून वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. त्यानंतर फ्रान्सिस्कन, जेझुइट आदि संघांच्या धर्मगुरूंनीं या किनाऱ्यावर स्नानसंस्कार दिले. संस्कार घेणारास एखाद्या संताचें नांव मिळे, आणि आडनांव बहुधा धर्मपित्याचें किंवा संस्कार देणाऱ्या धर्मगुरूचें मिळे. तेव्हां शेजारच्या दोन घरांचें आडनांव एक असलें म्हणून तीं भाऊबंद ठरत नाहींत. आणि दोन सख्खे भाऊ निरनिराळ्या धर्मपित्यांच्या हातून ख्रिस्ती झाले असतील, तर त्यांचीं आडनांवें निराळीं पडण्यास कांहींच अडचण नव्हती. आडनांवाच्या मागें जो लागेल तो लिस्बनच्या बंदरांत जाऊन पोहोंचेल आणि आपला आजा मात्र येथेंच केळीच्या वाडींत मागें राहील. गांव, आळी, बापाचें नांव, आईचें नांव आणि धर्मपित्याचें नांव, या पांच दोऱ्यांनींच आपला माणूस ओळखावयाचा असतो.

हे दोरे कोणीं जपले? ११ नोव्हेंबर १५६३ रोजीं त्रेंतच्या धर्मपरिषदेनें असें ठरविलें कीं, प्रत्येक पॅरिशच्या धर्मगुरूनें लग्नांचें पुस्तक ठेवावें, आणि स्नानसंस्काराच्या पुस्तकांत धर्मपिता व धर्ममाता यांचीं नांवें लिहावीं. पुढें १६१४ सालीं पांचवे पॉल पोप यांनीं प्रसिद्ध केलेल्या रोमन विधिग्रंथानें पांच पुस्तकें सांगितलीं: स्नानसंस्कार, दृढीकरण, लग्न, मृत्यु, आणि पांचवें घरोघरच्या माणसांची नोंद करणारें. या सर्वांचा हेतु वंशावळ जुळविण्याचा मुळींच नव्हता. धर्मपिता व त्याचें धर्मलेंकरूं यांच्यामध्यें आध्यात्मिक नातें जडे आणि तें त्या काळीं लग्नास बाधक होई, म्हणून धर्मपित्याचें नांव लिहावयाचें; चोरून लग्नें होऊं नयेत, म्हणून साक्षीदारांचीं नांवें लिहावयाचीं. एक गोष्ट मात्र आपोआप घडून आली. राजाच्या दप्तरांत सारा भरणारा पुरुष तेवढा असतो. धर्मग्रामाच्या पुस्तकांत मजुराची बायको आहे, तिची तान्ही मुलगी आहे, आणि ती मुलगी नवव्या दिवशीं वारली असेल तर तेंही आहे.

आतां शोधाची रीत. आरंभ स्वतःपासून करावा आणि मागें मागें जावें. चारशें वर्षांपूर्वींच्या कोणा नामांकितास धरून पुढें येऊं पाहाणारास वाट सांपडत नाहीं. आपल्या आईबापांच्या लग्नाची नोंद काढावी. तींत त्यांच्या बापांचीं नांवें सांपडतील. मग त्यांच्या स्नानसंस्काराकडे जावें. तेथें आजा व आजी सांपडतील. १९ एप्रिल १९०८ या ईस्टरच्या दिवसापासून जो नियम अमलांत आला, त्याप्रमाणें माणसाचें लग्न झाल्यावर त्याची खबर त्याच्या स्नानसंस्काराच्या नोंदीपुढें समासांत लिहिली जाते. म्हणून समास अवश्य वाचावा. पुष्कळ जण मधला मजकूर उतरून घेतात आणि काठावरची शाई सोडून देतात. मुलगी कोणत्या गांवीं दिली हें त्या काठावरूनच कळतें, आणि तेथून पुढें त्या गांवच्या पुस्तकांत जातां येतें.

जुनीं पुस्तकें पोर्तुगीज भाषेंत आहेत, अलीकडचीं लॅटिन वा इंग्रजींत. त्यांना भिण्याचें कारण नाहीं. वाक्यें ठराविक असतात, आणि पंचवीसतीस शब्द ओळखूं लागले म्हणजे पान बोलूं लागतें: फिल्यो लेजितिमो म्हणजे औरस पुत्र, पाद्रिन्यो म्हणजे धर्मपिता, अल्देया म्हणजे गांव, नातुराल दे म्हणजे मूळ राहाणारा अमक्या ठिकाणचा. एका जागीं मात्र फसगत होते. महिन्याच्या जागीं ७ चा आंकडा घालून त्याला शेपटी जोडलेली दिसते. वाचणारा ती जुलई समजतो. ती जुलई नव्हे, सप्टेंबर होय, कारण त्या नांवाचा मूळ अर्थच सातवा; तसेंच ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर, आणि रोमन दहाचें चिन्ह म्हणजे डिसेंबर. आणखी, आपल्याकडे नातवास आजाचें नांव ठेवण्याची चाल आहे. त्यामुळें एका घरांत एका नांवाचे दोन पुरुष, आणि चुलतभावांतही तेंच नांव, असा प्रकार नेहमींचा. आईचें नांव जुळल्याशिवाय नोंद आपली म्हणूं नये.

आतां अडचणीचा भाग येतो. पॅरिश जागच्या जागीं राहिलें, पण त्याचे कागद ज्या गादीकडे जात ती गादी बदलत गेली. मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांच्या फौजांनीं वसई घेतली. युरोपियन धर्मगुरु निघून गेले, कित्येक मंदिरें ओस पडलीं, आणि पुढें लोकांची आध्यात्मिक काळजी मुख्यतः गोव्याच्या देशी धर्मगुरूंनीं वाहिली. त्यापूर्वींचें एखादें पुस्तक हातीं आलें तर तें मोठें भाग्य समजावें. या भागाचीं मंदिरें पाद्रोआदोखालीं, म्हणजे पोर्तुगालच्या राजाच्या धर्माश्रयाखालीं, गोव्याच्या आर्चबिशपांकडे होतीं. १८८६ सालीं दमणचा धर्मप्रांत उभा झाला. १९२८ सालीं तो मोडून येथील पॅरिशें मुंबईच्या आर्चबिशपांकडे आलीं. आणि २२ मे १९९८ रोजीं वसईचा धर्मप्रांत स्वतंत्र झाला. म्हणजे एकाच आळींत, एकाच घरांत, पणजाची परवानगी गोव्याच्या दप्तरांत, आजाची दमणच्या, बापाची मुंबईच्या आणि मुलाची वसईच्या, असें होऊं शकतें. मुंबई बेटांत तर १७२० सालीं इंग्रजांनीं पाद्रोआदोचे धर्मगुरु दूर करून कार्मेलाइट संघास आणिलें, आणि पुढें दोन हुकमतींचा जो तंटा चालला त्यांत एका रस्त्यावरील दोन मंदिरांचे कागद दोन ठिकाणीं गेले. साल पाहिल्यावांचून दप्तरखान्याचें दार ठोठावूं नये, एवढें त्यांतून घ्यावें. लंडनला जुन्या इंडिया ऑफिसच्या दप्तरांतही मुंबई इलाख्यांतील स्नानसंस्कार व लग्नें यांच्या याद्या आहेत; पण त्या मुख्यतः युरोपियन व मिश्रवंशीय लोकांच्या. आपल्या शेतकऱ्याचें नांव तेथें सांपडण्याची आशा धरूं नये. ज्यांचीं घराणीं गोव्याहून आलीं आहेत त्यांनीं पणजीचें सरकारी पुराभिलेखागार पाहावें. त्याची स्थापना १५९५ सालची, आणि गोव्यांतील अनेक पॅरिशांचीं जुनीं पुस्तकें तेथें ठेविलेलीं आहेत.

परंतु धर्मग्रामाचीं पुस्तकें वाळवीनें खाल्लीं, पावसानें भिजलीं, लढाईंत गेलीं, तर काय? येथें सेमिनरीचें दप्तर कामास येतें, आणि त्याची पुष्कळांस कल्पनाही नसते.

आपल्या घराण्यांत मागें कधीं कोणी धर्मगुरु झाला आहे काय, एवढें प्रथम विचारून घ्यावें. सख्खा नसेल, आजीच्या माहेरचा असेल, तरी चालेल. कारण धर्मगुरूच्या पदास चढणाऱ्या प्रत्येक मुलाची चौकशी होत असे. पोर्तुगीज अमलांत या चौकशीला दे जेनेरे, म्हणजे कुळाविषयींची चौकशी, असें म्हणत. उमेदवाराचे आईबाप कोण, दोन्हीकडचे आजेआजी कोण, ते कोठें ख्रिस्ती झाले, कोठें लग्न लागलें, हें दाखल्यांनीं आणि गांवांतील वृद्धांच्या शपथेवरील साक्षींनीं सिद्ध करावें लागे. ज्या पुस्तकांवरून ते दाखले उतरले तीं पुस्तकें आज धुळीस मिळालीं असतील. पण उतरलेली प्रत त्या मुलाच्या पुडक्यांत राहिली असण्याचा संभव आहे. त्रेंतच्या परिषदेनें असेंही सांगितलें होतें कीं, उमेदवाराचें नांव मंदिरांत लग्नाप्रमाणेंच पुकारावें; म्हणजे गांवास त्याच्याविषयीं कांहीं माहीत असेल तें बाहेर यावें. पुढें १९१७ च्या धर्मसंहितेनें सेमिनरींत घ्यावयाच्या मुलाकडून त्याच्या आईबापांच्या लग्नाचा, स्नानसंस्काराचा व दृढीकरणाचा दाखला मागितला. ही संहिता १९१८ पासून १९८३ पर्यंत लागू होती. तेव्हां या पांसष्ट वर्षांत सेमिनरींत गेलेल्या मुलाच्या कागदांत दोन पिढ्या तरी एकत्र मिळाव्या.

याहून मौजेचा कागद म्हणजे पत्रिमोनियो. धर्मगुरूनें पुढें उपासमारीनें भीक मागूं नये, म्हणून त्याच्या नांवें निर्वाहाची तरतूद असल्याशिवाय त्यास दीक्षा देऊं नये, असा १५६२ सालचा नियम होता. मुलाचा बाप त्यासाठीं शेत किंवा वाडी त्याच्या नांवें लावून देई. अशा दस्तऐवजांत जमिनीच्या चतुःसीमा येत: पूर्वेस अमक्याचें भातशेत, पश्चिमेस तमक्याची वाडी. वंशावळ शोधावयास गेलेला मनुष्य असा कागद पाहातो तेव्हां त्याला स्वतःचा पणजा दिसो न दिसो, शेजाऱ्याचा पणजा तरी बांधावर उभा दिसतोच.

ही पुडकीं सर्व एका ठिकाणीं नाहींत. कांहीं सेमिनरींत, कांहीं बिशपांच्या कार्यालयांत. गोव्यांतील राशोलची सेमिनरी त्यांत अग्रगण्य. ज्या राशोलास १६१६ सालीं फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण मराठींत छापून निघालें, तेंच हें राशोल. १८९३ सालीं तेराव्या लिओ पोपमहाराजांनीं सिलोनांत कँडी येथें हिंदुस्थानासाठीं जी सेमिनरी स्थापिली, ती १९५५ सालीं पुण्यास आली. तिच्यांत देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील विद्यार्थी शिकले. मुंबईची सेमिनरी गोरेगांवीं आहे. आपला चुलता कोणत्या वर्षीं कोठें शिकला एवढें कळलें, म्हणजे अर्धें काम झालें.

येथें एक कडू गोष्ट झांकून ठेवूं नये. कुळाच्या या चौकशीनें कित्येकांस दाराबाहेरही ठेविलें. गोव्याकडे दीर्घ काळ बामण आणि चार्डो या दोन ज्ञातींपलीकडील मुलास धर्मगुरुपद मिळणें दुर्मिळ होतें. ख्रिस्ताच्या वेदीजवळ जाण्याच्या वाटेवर जातीची चौकी बसली होती. म्हणून कोळ्याच्या, कुंभाराच्या, मजुराच्या घरास सेमिनरीच्या दप्तरांत आपलें नांव उशिरां सांपडेल, किंवा सांपडणार नाहीं. दोष त्या घराचा नव्हे.

सुदैवानें त्या घरासाठीं दुसरी एक थैली आहे, ती म्हणजे लग्नाच्या सुटीचे कागद. जवळच्या रक्ताच्या नात्यांत लग्न करण्यास धर्माची मनाई आहे, आणि १९१८ पूर्वीं ही मनाई चौथ्या पायरीपर्यंत होती, म्हणजे वधूवरांचा खापरपणजा एक असला तरी सुटी मागावी लागे. आपल्या लहान लहान समाजांत, जेथें सोयरीक चार गांवांपलीकडे जात नसे, तेथें असा प्रसंग वारंवार येणारच. मग धर्मगुरु कागदावर वर खापरपणजाचें नांव लिही, खालीं दोन फांद्या काढी, आणि चार चार पिढ्या उतरत वधूवरांपर्यंत येई. गरीबश्रीमंत, कोणत्याही ज्ञातीचा, लग्न करणार असला म्हणजे त्यास हा कागद लागे. आमच्या मतें सर्व दप्तरांत वंशावळीस याहून उपयुक्त कागद नाहीं. आणि वंशावळ शोधणारे बहुतेक जण तो मागतच नाहींत, कारण सुटी घेतली यांत कांहीं लाज आहे असें त्यांस वाटतें.

लाजेचा विषय निघाला, तर तो स्पष्टच बोलूं. पुस्तकांत कधीं कधीं बापाच्या जागीं पाय इन्कॉग्नितो, अर्थात बाप अज्ञात, असें लिहिलेलें येतें. कधीं एखादें मूल कोणाच्या तरी दारीं टाकलेलें सांपडलें, असें येतें. पोर्तुगीज काळांतील नोंदींत गुलामही आहेत, आणि त्यांच्या धन्याचें नांव त्यांच्या आईबापांच्या नांवाच्या जागीं आहे. अशी ओळ आपल्याच रांगेंत आली म्हणजे माणसाचा हात थबकतो. कोणी ती उतरून घेत नाहीं. कोणी धर्मगुरूस विनवितो कीं, महाराज, एवढें पान सोडून दाखला द्या. आणि एखाद्या ठिकाणीं ती ओळ चाकूनें खरवडलेली आढळते. आम्हांस त्या खरवडणाराचा राग येत नाहीं, पण त्याची बाजूही घेववत नाहीं. ज्या स्त्रीनें बापाचें नांव न सांगतां आपलें मूल उचलून मंदिरांत आणिलें, आणि सगळ्या गांवासमक्ष स्नानसंस्काराच्या कुंडाशीं उभी राहिली, तिच्या धैर्याचा तेवढाच पुरावा उरला होता. तो तिच्या पणतवानें आपल्या प्रतिष्ठेसाठीं पुसून टाकावा काय? त्या मुलास कोणीतरी धर्मपिता झाला होता. त्याचें नांवही त्याच ओळींत होतें, आणि तेंही गेलें.

उलट, दुसऱ्याच्या घरची अशी ओळ वाचून ती आळींत सांगत फिरणें हें पाप आहे. शोध करितांना शेजाऱ्याचें पान डोळ्यांखालून जातेंच. तें तेथेंच राहूं द्यावें.

मृत्यूच्या पुस्तकाविषयीं थोडेंच बोलतों. लोक तें टाळतात, परंतु आजाचें वय, बायकोचें नांव, कधीं मूळ गांव, हें त्यांतच मिळतें. १८९६ च्या प्लेगाच्या पुढचीं वर्षें आणि १९१८ सालचें इन्फ्लुएन्झाचें वर्ष वाचतांना मात्र मन घट्ट करावें. एका घराचीं नांवें एकाखालीं एक येतात. एखाद्या घराचा धागा तेथें तुटलेला दिसला तर घाईनें घर बुडालें असें समजूं नये. उरलेलीं मुलें मामाच्या गांवीं गेलीं असतील, तेव्हां आईच्या माहेरचें पुस्तक पाहावें.

दप्तरखान्यांत कसें वागावें हेंही सांगितलें पाहिजे. आगाऊ पत्र लिहावें, आणि त्यांत माणसाचें नांव, आईबापांचीं नांवें, गांव, आणि पांचदहा वर्षांच्या अंतरानें कां होईना, साल द्यावें. नुसतें "आमचे डायस घराणें शोधून द्यावें" असें पत्र आल्यास बिचाऱ्या दप्तरदारानें काय करावें? हात कोरडे असावे, थुंकी लावून पान उलटूं नये, जवळ शिसपेन्सिल ठेवावी. परवानगी मिळाल्यास छायाचित्र घ्यावें, म्हणजे पुस्तक पुन्हां पुन्हां उघडावें लागत नाहीं. नोंद उतरतांना पुस्तकाचें साल व पानाचा आंकडा लिहावा. नकार मिळाला तर रागावूं नये. जिवंत माणसांच्या नोंदी परक्यास दाखविण्यास धर्मगुरु कचरतो तें उचितच आहे. जुनीं पुस्तकें काळजीपूर्वक जतन करावीं असें १९८३ ची धर्मसंहिताही सांगते. परंतु संहिता कपाट विकत घेत नाहीं, आणि वाळवी संहिता वाचीत नाहीं. लोखंडी कपाट, कोरडी खोली, आणि प्रत्येक पानाची छबी, एवढा खर्च जयंतीच्या रोषणाईपुढें फार नाहीं, असें आम्ही चालकांपुढें नम्रपणें ठेवितों. १९१७ च्या संहितेनें वर्षअखेर पुस्तकांची प्रत बिशपांकडे पाठविण्याचा नियम केला होता. आपल्या पॅरिशच्या त्या प्रती कोठें आहेत याचीही चौकशी आतांच व्हावी, इकडचें पुस्तक फाटल्यावर नव्हे.

शेवटीं एक काम, जें दप्तरखान्यांत होत नाहीं. पुस्तकांत आडनांव आहे, पण आळींत घराला जें खरें नांव आहे, ज्या नांवानें म्हातारीं माणसें आजही हांक मारितात, तें बहुतेक पुस्तकांत नाहीं. एका गांवांत वीस लोपीस असतां तेंच नांव एकास दुसऱ्यापासून निवडतें. तीं नांवें जाणणारीं माणसें आज सभेंत पुढच्या बांकांवर बसलीं आहेत. पॅरिशच्या कार्यालयांत आळीवार एक कोरी वही ठेविली आहे. आजीस विचारून घराचें तें नांव, आजीच्या माहेरचें घर, आणि घरांत कोणी धर्मगुरु वा धर्मभगिनी झाली असल्यास तिचें साल, तीत लिहून द्यावें. वही रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर दुपारपर्यंत उघडी राहील.